लाल उजेडासमोर

परवा नातीने मोबाइलवर एक बातमी वाचून दाखवली. मेंदूत साचणाऱ्या प्रथिनांच्या गुठळ्या लेझरच्या उजेडाने फोडता येतील का, यावर परदेशात कुठे तरी काम चाललं आहे म्हणे. "माणसांवर करून पाहिलं का?" मी विचारलं. "नाही आजी, अजून काचेच्या भांड्यातच," ती म्हणाली आणि पुढच्या बातमीकडे वळली. तिने आजोबांना पाहिलेलं नाही. मी मात्र त्या दिवशी जेवायला बसले आणि तशीच उठले.

माझे यजमान नागपुरातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होते, मुलांना प्रयोग करून दाखवायचे. मी प्राथमिक शाळेत शिकवायची. सत्तरचं दशक संपत आलं असताना त्यांच्या प्रयोगशाळेत पहिला लेझर आला. कापसात गुंडाळलेली हातभर लांब नळी. लहान मूल घरी आल्यासारखे ते हरखले होते. एका रविवारी मला आणि मुलीला दाखवायला घेऊन गेले. खिडक्यांना काळे पडदे लावले, बटण दाबलं आणि समोरच्या भिंतीवर लाल ठिपका उमटला. मधे पाण्याने भरलेला काचेचा पेला ठेवला. पाण्यात काहीच दिसेना. मग त्यांनी त्यात दुधाचा एक थेंब टाकला.

"आता पाह्य."

पेल्यात आरपार लाल रेघ उभी राहिली होती.

"दुधात प्रथिनांचे बारीक बारीक गोळे राहतात. उजेड त्याहीच्यावर आपटते, म्हणून दिसते. नाही तर उजेडाची वाट डोळ्याले दिसत नाही वं."

मुलगी टाळ्या वाजवत होती. मी उजेडापेक्षा त्यांच्याच तोंडाकडे पाहत होते.

पुढच्या तीन-चार वर्षांत ते विसरू लागले. आधी सीताबर्डीच्या बाजारात सायकल ठेवून पायीच घरी आले. आम्ही हसलो. दुसऱ्यांदा तेच झालं तेव्हा कोणी हसलं नाही. मग एका संध्याकाळी कॉलेजातून आले ते चपला न काढता ओसरीवरच बसून राहिले. चहा निवून गेला.

"काय झालं?"

"पोरांसमोर लेन्स हातात धरून उभा होतो," ते म्हणाले. "तिले काय म्हणतात तेच आठवेना. पोरं हसून राहिली होती."

तेव्हा त्यांची पन्नाशी नुकतीच उलटली होती.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बऱ्याच तपासण्या केल्या. शेवटी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, की मेंदूत एका तऱ्हेच्या प्रथिनाच्या गुठळ्या साचत जात असाव्यात. जिथे त्या साचतात तिथला मेंदू हळूहळू मरतो. औषध नाही.

 यजमानांनी विद्यार्थ्यासारखा प्रश्न विचारला, "त्या गुठळ्या उजेडानं फोडता येतील का? लेझरनं?"

डॉक्टर हसले नाहीत, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. "डोळ्याचं काम आता लेझरने करू लागलेत," ते म्हणाले. "पण मेंदू कवटीच्या आत आहे. आत उजेड पोचवायचा कसा? आणि पोचलाच, तर गुठळीबरोबर चांगला भागही भाजेल."

परतताना सायकलरिक्षात ते खूप बोलले. डोळ्यांत चमक होती. "रंग बरोबर निवडला पाहिजे. गुठळीनंच तेवढा उजेड घेतला पाहिजे, बाजूच्यानं नाही. मग बाजूचं गरम होणार नाही, आणि..." ते थांबले. रिक्षा बरीच पुढे गेली. "मी काय सांगून राहिलो होतो?"

"तुम्ही उजेडाचं सांगत होते."

"कोणत्या उजेडाचं?"



नोकरी सोडावी लागली. त्यानंतर एका दुपारी ते इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. बटणं खालीवर लागली होती. "प्रयोगशाळेत जायचं आहे," एवढंच म्हणत होते. मी सोबत गेले. त्यांच्या जागी आलेल्या तरुण सहकाऱ्याने आदराने खुर्ची दिली, लेझर लावून दिला. वाटलं, थोडा वेळ बघतील आणि निघू. ते उठले, स्टूल ओढून नळीसमोर बसले, डोळे मिटले आणि मान पुढे केली. लाल ठिपका त्यांच्या कपाळावर पडला.

मी धावले. "काहून असं करून राहिले? घरी चला."

"याच्यानं काही होत नाही," ते डोळे मिटूनच म्हणाले. "हा उजेड हाडाच्या आत नाही जात. मले माहीत आहे."

"मग?"

"बसू दे ना वं थोडं."

तो सहकारी खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी दुसरं स्टूल ओढलं आणि त्यांच्याशेजारी बसले. किती वेळ गेला कोण जाणे. त्यांनी आपणहून मान मागे घेतली तेव्हा आम्ही उठलो.

घरी पोचेपर्यंत ते हे सारं विसरले होते.

पुढे माझं नावही गेलं. एकदा माझ्या भावाने काटोलहून संत्री पाठवली होती. मी सोलून फोडी देत होते. ते अदबीने म्हणाले, "बाई, तुमचं गाव कोणतं?"

"काटोल."

"माझी बायकोबी काटोलचीच आहे." केवढा आनंद झाला होता त्यांना!

"चांगली आहे का?"

"चांगली आहे. पण लय दिवस झाले, आली नाही."

मी पुढची फोड त्यांच्या हातात ठेवली.

पुढच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच छातीत कफ भरला आणि ते गेले. गुठळ्यांची खात्री मेंदू तपासल्यावरच होते, म्हणून डॉक्टरांनी संकोचत परवानगी मागितली. मुलगी रडून नको म्हणाली. मी हो म्हटलं. त्यांनी स्वतः हो म्हटलं असतं.

काही आठवड्यांनी डॉक्टरांनी बोलावलं. "होत्या," ते म्हणाले. "तुम्हाला बघायचंय?"

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. फिकट रंगाच्या पसाऱ्यात काळपट डाग विखुरले होते, कपड्यावर शाई उडावी तसे. इतके दिवस मला वाटत होतं, दिसल्या तर संताप येईल. पण आला नाही. एवढ्याशा डागांवर कुठे संतापणार?

"पाणी देऊ?" डॉक्टरांनी विचारलं. मी नको म्हटलं.

बाहेर कडक ऊन होतं. शाळेतून अर्ध्या दिवसाची सुटी घेतली होती, पण घरी जाऊन काय करायचं ते सुचेना. मी शाळेतच गेले. मुलं पाढे म्हणत होती. खडू घेऊन मी फळ्याकडे वळले, आणि मुलांकडे तोंड करायला मला बराच वेळ लागला.