हात कापू नयेत म्हणून

औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षं अटेंडंट आहे. काचेची भांडी विसळतो, तक्ते पुसतो, पोरांच्या शिव्या-ओव्या ऐकतो. सगळी पोरं मला मामा म्हणतात. अपवाद एकच, माझा सख्खा भाचा. तो चारचौघांत मला 'अटेंडंट' म्हणायचा. होणाऱ्या डॉक्टरचा मामा भांडी विसळतो हे कळलं तर त्याचं नाक कापलं जाणार होतं ना!

घरात त्याला सगळे 'डॉक्टरसाहेब' म्हणायचे. साहेब याच विषयात दोनदा आपटले होते. लेखी ठीक जायची, पण तोंडी परीक्षेला विभागप्रमुख मॅडमसमोर बसले की हात लटलटा कापायचे आणि जीभ टाळ्याला चिकटायची. तिसऱ्यांदा नापास झाला तर कॉलेज त्याला कायमचं घरी पाठवणार होतं.

अभ्यास मात्र बघण्यासारखा! हृदयाची औषधं लाल पेनाने, मज्जातंतूंची निळ्या, दोन्हीकडे काम करणारी हिरव्या. खोलीच्या चारी भिंती कागदांनी भरलेल्या. नावांच्या पहिल्या अक्षरांची गाणी करून अंघोळ करताना म्हणायचा. पण इथे टेबलावर बेडकाच्या हृदयावर औषधाचा थेंब पडतो, ठोके भराभर वाढतात, तेव्हा साहेब शेजाऱ्याच्या वहीतून आलेख उतरवत असायचे.

"अरे, जरा खाली बघ," मी म्हणायचो.

"ते परीक्षेत विचारत नाहीत."

पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

तोंडीच्या दिवशी तो बाहेरच्या बाकावर बसला होता. शर्ट घामाने चिंब. खिशातून एक गोळी काढून म्हणाला, "मामा, पाणी दे ना." चक्क मामा! गरज पडली की नातं आठवतं बघा.

"कसली गोळी रे?"

"आईची, ब्लडप्रेशरची. प्रोप्रॅनोलॉल. धडधड थांबते, हात कापत नाहीत. मला हिचं सगळं पाठ आहे."

मी ग्लास भरून आणून दिला.

तासाभराने त्याचा नंबर लागला. मी आत ट्रे मांडत होतो. हात खरंच कापत नव्हते. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं त्याने धडाधड दिली, तेव्हा मलाही जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग मॅडमनी ट्रेमधून गोळ्यांची एक पट्टी उचलली. तीच गोळी.

"ही कुणाला द्यायची नाही?"

"दम्याच्या रुग्णाला," तो लगेच म्हणाला. "कारण श्वासनलिका... आवळतात आणि..." वाक्य तिथेच अडकलं. छातीतून शिट्टी वाजायला लागली.

"नाटकं नकोत. पुढे बोला," मॅडम म्हणाल्या.

नाटक कसलं! ती शिट्टी माझ्या ओळखीची होती. पाच वर्षांचा असताना याला खांद्यावर टाकून मी दवाखान्यात पळालो होतो, तेव्हा कानाशी हीच वाजत होती.

"मॅडम, याला दमा आहे!" मी ओरडलो. "आणि हीच गोळी खाऊन आलाय तो!"

त्याच्या पिशवीतला पंप मारला, पण गोळीने पंपाचीही वाट अडवली होती. मॅडमनी स्वतः स्ट्रेचर ढकललं. खाली कॉलेजच्याच दवाखान्यात ऑक्सिजन लावला, दुसरं औषध दिलं, तेव्हा कुठे दोन तासांनी ओठांचा निळेपणा गेला. आणि मास्क बाजूला करून साहेबांनी पहिला प्रश्न काय विचारावा?

"माझं उत्तर बरोबर होतं ना?"

"शंभर टक्के बरोबर होतं," मॅडम म्हणाल्या. "पास मात्र करणार नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ताई धावतपळत आली, तेव्हा दारातच मी तोंडाचा पट्टा सोडला. "गाढव आहे तुझा मुलगा! चार भिंतींवर दमा लिहून ठेवला, आणि स्वतःच्या छातीतला विसरला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!"

ताईने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "त्याने गोळी घेतली तेव्हा तू तिथेच होतास?"

प्रयोगशाळेच्या दाराशी एक तक्ता आहे, कुठलं औषध कुणाला देऊ नये त्याचा. सव्वीस वर्षं रोज सकाळी मी तो फडक्याने पुसतो. तिसऱ्या ओळीत हीच गोळी आहे आणि तिच्यापुढे लिहिलंय, दमा. मलाही ते पाठ आहे.

"होतो," मी म्हणालो. "पाणी मीच दिलं."