विमान खालती घे!

ऐका, पण हसायचं नाही. ग्रामदेवतेची शपथ, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. म्हणजे, एक गोष्ट सोडून. ती कुठली ते शेवटी सांगतो, तोवर चहा प्या.

आमच्या आळीतले बशीरभाई आखातातून कायमचे परत आले. लोक येताना अत्तर आणतात, घड्याळं आणतात. ह्यांनी काय आणलं? रिमोटवर उडणारं विमान! खेळणं नव्हे हो. पंख माझ्या पलंगात मावणार नाहीत एवढं! हवेत कोलांट्या मारायचं.

मला एकच किडा चावला. व्हिडिओत असली विमानं नाक आभाळाकडे करून, भिंतीवर पाल चिकटावी तशी हवेत उभी राहतात. आपलं का राहत नाही?

"शेपटीची फळी लहान आहे," मी निदान केलं.

फळी म्हणजे एलिव्हेटर. शेपटीला मागे जोडलेली हलती पट्टी. ती वर उचलली की विमान नाक वर करतं, खाली पाडली की नाक खाली. होडीला सुकाणू, तसंच हे; फक्त आडवं. मग सुकाणू मोठं केलं तर होडी झटकन वळते की नाही?

"बशीरभाई, फळी चार बोटं रुंद करू?"

"कर. पण बंड्या, विमानाला ओरखडा आला ना, तर तुझा-माझा सलाम बंद!"

हे ते हसत म्हणाले नव्हते.

मी बाल्साचं हलकं लाकूड जोडलं. वरचं प्लास्टिक बायकोच्या इस्त्रीने चिकटवलं. (त्या इस्त्रीचा किस्सा वेगळा आहे. तो घरात काढायचा नाही.)

आता इथे बायकोबद्दल सांगायला हवं. ती सांगलीची. आम्ही रत्नागिरीकर समुद्राच्या दिशेला 'खालती' म्हणतो आणि डोंगराच्या दिशेला 'वरती'. ती लग्नापासून मला टोकते, "अहो, खालती म्हणजे पायाखाली! दिशेला पश्चिम म्हणावं!" टोकून टोकून तिने माझी जीभच नव्हे, कानसुद्धा धुऊन काढले.

तर रविवारी सकाळी सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या कातळाच्या माळावर, गेलो. वर मोकळं आभाळ, खाली काळा कातळ, एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला दगडी कुंपणाचा गडगा आणि त्यापलीकडे मोहरलेली आंब्याची बाग. रिमोट माझ्या हातात.

आणि राहिलं की हो उभं! नाक वर, शेपूट खाली, पंखा घोंघावतोय, विमान जागच्या जागी!

"या अल्ला!" बशीरभाईंच्या डोळ्यांत पाणी. "बंड्या, तू इंजिनियर का नाही झालास रे?"

मला तेच विचारायचं होतं सरकारला.

विमान आडवं केलं आणि तेवढ्यात दर्यावरून वारा सुटला. विमान निघालं थेट बागेकडे! गडगा जवळ आला. बशीरभाई ओरडले,

"खालती! बंड्या, खालती घे!"

मी घेतलं. अंगठा होता नव्हता तेवढा दाबला.

जुनी फळी असती तर विमान नुसतं वाकलं असतं. पण ही माझी फळी! विमानाने गुडघे टेकल्यासारखं नाक खाली घातलं आणि कातळावर असा काही आवाज झाला की बागेतला राखण्या काठी घेऊन धावत आला. त्याला वाटलं, माकडं आली.

बशीरभाई तुकड्यांपाशी उकिडवे बसले.

"मी काय म्हटलं?"

"खालती."

"मग?"

"खालतीच घेतलं."

"अरे येड्या, खालती म्हणजे दर्याकडे! रत्नागिरीत जन्मलास ना तू?"

त्यांनी एक तुकडा उचलून उन्हात धरला. अख्ख्या विमानात तेवढाच धड राहिला होता. माझी फळी.

"मजबूत केलीस हां," ते म्हणाले. मग बाकीचे तुकडे गोळा करू लागले. शेवटी म्हणाले, "सलाम बंद करून भागणार नाही. विमान पुरं जुळेपर्यंत रोज येऊन चिकटवत बसायचं. इस्त्री घेऊन ये."

आता ती एक गोष्ट. मी हे सांगतोय आणि बायको दाराआडून ऐकतेय. म्हणते,

"अहो, माझं माहेर सांगलीला कधी गेलं?"

बरोबर आहे तिचं. सांगली खोटी. ती इथलीच आहे. आमच्याच गावची, खालतीच्या वाडीतली.