सांबाराच्या जुड्या

अकोल्याजवळच्या गावात आमचा छोटा मळा आहे. वांगी, पालक, सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर. संध्याकाळी विहिरीजवळ आम्ही नवरा-बायको समोरासमोर बसून जुड्या बांधायचो. हे मुठीत धरायचे, मी सुतळी गुंडाळून गाठ मारायचे. यांनी मारलेली गाठ बाजारात पोचेपर्यंत सुटायची.

"अवो, तुमी फक्त धरा," मी म्हणायचे. "गाठ तुमाले या जन्मात जमत नाही."

हे हसायचे. आमच्या संसारात हसण्यासारखं तेवढंच होतं.

मुलगा अमरावतीला, राजापेठेत राहतो. त्याला मुलगी झाली. सुनेची रजा संपत आली तेव्हा तो गावी आला. "आई, पोरगी शाळेत जाऊ लागली का तू मोकळी," म्हणाला.

मी यांच्याकडे पाहिलं. "जाय ना वं," हे म्हणाले. "मी काय लहान लेकरू हाय, रडत बसाले?"

मी अमरावतीला गेले. पोरगी शाळेत जाऊ लागली, तर तिला ऑटोपर्यंत सोडणार कोण? मग शिकवणी लागली. ती घरी येते तेव्हा दार उघडायला माणूस पाहिजे. सुनेत खोट नाही. ऑफिसातून दमून आली तरी माझ्या हातातलं लाटणं घ्यायची. दरवेळी कारण खरंच असायचं, म्हणून भांडताही आलं नाही. सणाला गावी जायचे ती पाहुण्यासारखी, मुलाची सुट्टी संपली की परत.

हे एकदा आले राहायला. दोन दिवस गॅलरीतून खालच्या गाड्या पाहिल्या आणि पिशवी उचलली.

"काहून? करमत नाही का?"

"काय करू इथं? सारे पळूनच राहिले. कोणाले थांबवून बोलू?"

मग फोन. "जेवले का?" "जेवलो. पोरगी?" "शाळेत." झालं बोलणं.

यंदा नात हॉस्टेलला गेली. मुलगा म्हणाला, थांब. मी म्हटलं, कोणासाठी? आणि गावी आले.

संध्याकाळी विहिरीजवळ यांच्यासमोर बसले, सुतळी हातात घेतली. यांनी जुडी पुढे केलीच नाही. एका मुठीत सांबार, सुतळीचं टोक दातात, दुसऱ्या हाताने वेढे. गाठ घट्ट बसली.

"कधी शिकले हे?"

"तू गेली तवाच. काय करतो मग?"

मीही एक जुडी बांधली. आता बोटं वळत नाहीत. यांनी ती उचलली, सोडली आणि पुन्हा बांधली. "बाजारात सुटली असती," म्हणाले. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

नात शिकली, मुलाचं घर चाललं, ते ठीकच झालं. पण आमची हातपाय चालणारी वर्षं त्यात गेली. ती कोणी हिसकावली नाहीत. आम्हीच देऊन टाकली, तीही एकमेकांशी न बोलता.

मी चहा ठेवायला घरात गेले. साखरेचा डबा जागेवर नव्हता. दारातून ओरडले, "अवो, साखर कुठी हाय?"

"खालच्या फळीवर. माह्या चहात टाकू नको. मी सोडली."

"कधी? मले सांगितलं नाही?"

"तू इचारलं कुठी?"