ग्योक आमांचा अंगठा

जखम धुण्याच्या जंतुनाशक द्रावणाची बाटली बीयुनताई पिशवीत ठेवत नाहीत. ती जॅकेटच्या आत, काखेजवळ असते. तैवानच्या आमच्या पश्चिम किनाऱ्यावर हिवाळ्यात बोचरा वारा सुटतो, आणि गार द्रावण पडलं की माणूस कळवळतो, जखमही भरायला वेळ लावते. सव्वीस वर्षं त्या घरोघरी जाऊन जखमा धुतायत. मी त्यांच्या आरोग्य केंद्रात उपकरणं दुरुस्त करतो. गेल्या हिवाळ्यात त्यांची स्कूटर बंद पडली, तेव्हा तीन आठवडे मीच त्यांना गाडीने नेत होतो.

रोजचा पहिला थांबा ग्योक आमांचा; आमा म्हणजे आमच्याकडे आजी. वय एकाहत्तर, साखरेचा आजार, आणि पन्नास वर्षं कालवं फोडण्याचं काम. शिंपल्याची धार लागून उजव्या पायाचा अंगठा चिघळला होता. शहरातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, तीन आठवड्यांत सुधारणा दिसली नाही तर अंगठा काढावा लागेल.

"अंगठा गेला तर चिखलात तोल कसा सांभाळू?" आमा म्हणायच्या. "बदकासारखी चालू का?"

बीयुनताई सिरिंजने हळूहळू द्रावण सोडत. खाली पडणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत थांबत नसत. मग द्रावणात भिजवलेली गॉज जखमेवर ठेवून पंधरा मिनिटं नुसत्या बसत. खरवडणं नाही, ओढणं नाही.

पाचव्या दिवशी पट्टी सोडली तर जखमेवर पिवळी, कडक खपली, आणि कडेला पांढरी पावडर.

"आमा, हे काय?"

"शेजारणीने दिली. तू ओलं करून जातेस, मी संध्याकाळी वाळवते. ओलं राहिलं की बांबूसुद्धा कुजतो, पोरी!"

मला वाटलं, आता ताई चिडणार. पण त्यांनी खपलीवर ओली गॉज ठेवली, वर कोरडं झाकण घातलं आणि म्हणाल्या, "पंधरा मिनिटं आहेत. तोवर दोन कालवं फोडा. पाणी पायावर उडू देऊ नका."

आमांनी बसल्याजागी दोन कालवं फोडली. ताईंनी एक मिठाच्या पाण्याच्या वाटीत सोडायला लावलं, दुसरं वाऱ्यात भिंतीवर ठेवलं. मग इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. पंधरा मिनिटांनी भिंतीवरचं कालव आकसलं होतं, कडा चिवट झाल्या होत्या. वाटीतलं तसंच गुबगुबीत.

"यातलं कुठलं विकाल?"

आमांनी भिंतीवरचं कालव बोटाने दाबून पाहिलं. "म्हणजे माझा अंगठा कालव आहे होय?"

"कालव बरं, सांगितलेलं ऐकतं तरी. आतलं नवं मांस नाजूक असतं, आमा. वाळलं की मरतं. आणि खपलीखाली पू दडून बसतो."

"मग समुद्राच्या पाण्यात पाय बुडवून बसते की!"

"खबरदार! समुद्रात जंतूंची जत्रा भरलेली असते. म्हणून तर हे द्रावण. हे ओलंही ठेवतं आणि जंतूंनाही वाढू देत नाही."

गॉज उचलली तर मऊ झालेली खपली अलगद सुटून आली. आमांना दुखलंही नाही. पावडरीची डबी त्यांनी स्वतःच कचऱ्यात टाकली.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी आम्ही तिघं शहरात गेलो. डॉक्टरांनी कागदी मोजपट्टी लावून जखम मोजली. निम्म्याहून लहान, तळ गुलाबी.

"अंगठा राहतोय," ते म्हणाले. "नशीबवान आहात, आमा."

"नशीब कसलं? ही पोरगी रोज पंधरा मिनिटं माझ्या पायाशी बसत होती. तुम्ही बसला असता का?"

डॉक्टर हसले, आणि उठून बीयुनताईंना वाकून नमस्कार केला. ताईंचे कान लाल झाले. मी मात्र, जणू मीच काही केलंय, अशा थाटात छाती काढून उभा होतो.

बाहेर येताच आमांनी पिशवीतून चिखलात घालायचा उजवा रबरी बूट काढला. तो त्यांनी घरूनच आणला होता.

"अंगठा राहणार, हे आधीच ठरवलं होतंत वाटतं?" ताईंनी विचारलं.

"तुझ्यावर भरवसा ठेवला तर चुकलं का?"

ताईंनी शांतपणे बूट काढून घेतला आणि आपल्या काखेत मारला. "जखम पूर्ण भरली की मिळेल. चला, गाडीत बसा."