पान उलटायला आई
कपाट आवरताना डांबरगोळ्यांच्या वासात गुरफटलेलं माझं पियानोच्या नोटेशनचं पुस्तक हाती आलं आणि जमीन विकून बांधलेला नेरे गावातला आमचा बंगला आठवला. पाहुणे आले की बाबा मला पियानोवर बसवायचे. ‘आमची पोर कागद वाचून वाजवते,’ हे ठरलेलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला एक संथ वॉल्ट्झ तेवढा मला येत होता, एकाच पानाच्या दोन्ही बाजूंना छापलेला. ते पान उलटायला आई शेजारी बसायची. तिला त्यातलं काही कळत नसे, मी मान हलवली की उलटायची. एका दुपारी असंच पाहुण्यांपुढे वाजवताना रेक्झिनच्या स्टुलाला मांड्या चिकटल्या होत्या आणि अंगणात मैत्रिणी लगोरी मांडून माझ्यासाठी खोळंबल्या होत्या. शेवट आला, मी मान हलवली नाही, तरी आईने पान मागे फिरवलं. मी मुकाट्याने पहिल्यापासून वाजवलं. तिने पुन्हा फिरवलं. ‘आई, संपलंय!’ मी दात-ओठ खात पुटपुटले. पाहुण्यांकडे हसून बघत ती हळूच म्हणाली, ‘वाजव गो आजून एकदा. तू थांबलीस का मना चहा टाकाला उठावं लागल. सकालपासून आत्ता टेकलेय.’ मी वाजवलं, पण रागाने, भराभर. आज त्या पानाचा तिच्या बोटांनी मऊ पडलेला कोपरा पाहिला आणि वाटलं, जरा सावकाश वाजवायला हवं होतं.