उभे पाहुणे

नाना कुठल्याही खोलीत शिरले की आधी टाळी वाजवतात. चपला काढायच्या, एका कोपऱ्यात जायचं, एकच टाळी वाजवायची आणि मान तिरकी करून थांबायचं. बँकेत, दवाखान्यात, लोकांच्या घरी, सगळीकडे. एकदा आमच्या डोंबिवलीतल्याच एका लग्नाला ते उशिरा पोचले. मंगलाष्टकं चालू होती. हॉल नवीन होता, नानांना राहवलं नाही. त्यांनी टाळी वाजवली, त्यांच्या शेजारच्यांनी वाजवली, मग अर्ध्या हॉलने वाजवली आणि लग्न लागलं असं समजून बँडवाल्याने सुरुवात केली. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, अजूनही त्या घराण्याच्या कार्याला जायचं टाळतात.

मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हाही नाना टाळ्याच वाजवत होते. मला वाटलं, डास मारतायत.

आम्ही त्यांच्या इमारतीमागच्या चाळीत राहतो. वडील रिक्षा चालवतात. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मीच पहिली, त्यामुळे अभ्यास कुठे बसून करायचा असतो हे आमच्या घरात कोणालाच नीट माहीत नव्हतं. काकू शाळेतून निवृत्त झालेल्या. इमारतीच्या जिन्यात पुस्तक घेऊन बसलेली मी त्यांना दिसले आणि त्या म्हणाल्या, "जिन्यात काय बसतेस? वर ये. आमच्या हॉलमध्ये दुपारी कोणी नसतं. एक माणूस असतो, पण तो टाळ्या वाजवण्यापलीकडे काही त्रास देत नाही."

त्या माणसाबद्दल लिहायचा हा प्रयत्न आहे. मला असं लिहायची सवय नाही. पण नाना कोणाला माहीत नसावेत हे मला बरं वाटत नाही.

नाना एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होते. यंत्रांच्या आवाजात आयुष्य गेलं, म्हणून निवृत्त झाल्यावर नीट काहीतरी ऐकायचं, एवढी एकच इच्छा त्यांनी धरून ठेवली होती. त्यांना स्पीकर हवे होते. टेबलावर ठेवायचे छोटे नाही, जमिनीवर उभे राहणारे, माणसाच्या कमरेइतके उंच, जोडीने येणारे.

"उभेच कशाला?" मी विचारलेलं.

"अगं, आवाजालाही अंग लागतं," नाना म्हणाले. "छोट्या डब्यातून तबला येतो, पण तबलजी येत नाही."

काकूंचं म्हणणं वेगळं होतं. "हॉल आहे एवढासा. त्यात दिवाण, कपाट, टीपॉय, आणि ही पोरगी अभ्यासाला. स्पीकर कुठे, माझ्या डोक्यावर उभे करणार?"

नाना भांडत नसत. ते नुसते उठून खिडकीजवळच्या कोपऱ्यात जात आणि टाळी वाजवत. "बघ, भिंत हो म्हणतेय."

स्पीकर बघायला नाना मला बरोबर न्यायचे. "मला साठीनंतरचे कान आहेत," ते म्हणायचे, "तुझे कोरे आहेत." ठाण्याला आम्ही बऱ्याच वेळा गेलो. अशा दुकानात मी आधी कधी गेले नव्हते. आत गार हवा, जाड गालिचा, आणि बोलायचं तरी हळू आवाजात. मी दारातच चपला काढल्या. सेल्समन म्हणाला, "मॅडम, राहू दे, राहू दे." मग नानांनीही काढल्या आणि कोपऱ्यात जाऊन टाळी वाजवली.

"कुठलं गाणं लावू सर? डेमोसाठी एक नंबर गाणी आहेत आपल्याकडे."

"गाणं नको," नाना म्हणाले. "गाणं कुठल्याही स्पीकरवर गोड लागतं. हे लावा." आणि त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला.

त्यात काय आहे हे मलाही माहीत नव्हतं. सेल्समनने बटण दाबलं. आधी कुकरची शिट्टी झाली. मग बांगड्या वाजल्या, पंख्याची घरघर ऐकू आली, आणि त्या गार, शांत खोलीत काकू कडाडल्या, "अहो, पंखा बंद करा! गॅस विझतोय! किती वेळा सांगायचं?"

सेल्समन दोन पावलं मागे सरकला. मला इतकं हसू आलं की मी ओढणी तोंडात कोंबली. नाना मात्र डोळे मिटून बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी मान हलवली. "नाही. ही फोनवर बोलल्यासारखी वाटते. घरातलं माणूस घरातल्यासारखं वाटलं पाहिजे."

काकूंच्या नकळत, स्वयंपाकघरातल्या फडताळावर फोन ठेवून त्यांनी ते रेकॉर्डिंग केलं होतं. ठाण्यातली बरीच दुकानं त्या दिवसांत काकूंची बोलणी खाऊन बसली, आणि काकूंना याचा पत्ता नव्हता. एका दुकानात काकू नाकात बोलल्या. एका दुकानात त्यांचा आवाज टाकीतून आला. एका ठिकाणी तर पंखाच एवढा मोठा वाजला की काकूंचं म्हणणं आम्हाला पटलं.

शेवटी खोपटच्या एसटी डेपोजवळच्या एका दुकानात जमलं. तिथल्या मुलाने स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले, किंचित आत वळवले आणि बटण दाबलं. "अहो, पंखा बंद करा!" काकू म्हणाल्या. तो मुलगा पटकन उठला आणि भिंतीवर पंख्याचं बटण शोधू लागला. त्या खोलीत पंखाच नव्हता.

नानांनी माझ्याकडे बघितलं. पण ते उठले नाहीत. रेकॉर्डिंग अजून चालू होतं. नाना डोळे मिटून वाट बघत होते, आणि तेव्हा मला ते ऐकू आलं. बोलू की नको असं मला झालं. इथे आपल्याला काय कळतंय, असं वाटत होतं.

"नाना," मी म्हटलं, "मागे कोणीतरी गुणगुणतंय का?"

नानांनी डोळे उघडले. "ऐकू आलं तुला?"

"हो. पंख्याच्या मागे. म्हणजे, पंखा वेगळा आणि ते वेगळं."

"मग एवढ्या हळू का सांगतेस? अगं, कानाला डिग्री लागत नाही!" आणि ते सेल्समनला म्हणाले, "हेच द्या."

रागावून झाल्यावर पोळ्या लाटताना काकू गुणगुणत होत्या. चाल ना धड भजनाची, ना सिनेमाची. बाकी सगळ्या दुकानांत ती पंख्यात बुडून गेली होती. नाना एवढे दिवस तीच शोधत होते.

स्पीकर घरी आले. भिंतीपासून हातभर पुढे, खिडकीजवळच्या कोपऱ्यात, दिवाणाकडे तोंड करून उभे राहिले. काकूंनी त्यांच्याभोवती एक फेरी मारली.

"दोन पाहुणे आलेत," त्या मला म्हणाल्या, "आणि बसायलाच तयार नाहीत. सांग त्यांना, बसा म्हणावं."

तेव्हापासून त्यांचं नाव 'ते दोघे उभे' पडलं. काकूंनी त्यांच्यावर क्रोशाचे रुमाल टाकले, नानांनी काढले. काकूंनी एकावर मनीप्लांटची बाटली ठेवली, नानांनी ती हळूच फ्रीजवर नेली. नाना सकाळी सनई लावायचे, तर काकू स्वयंपाकघरातून मुद्दाम जोराने कूट कुटायच्या. त्या दोन आवाजांच्या मधोमध बसून मी अर्थशास्त्र वाचायचे. खरं सांगते, एवढा छान अभ्यास माझा कधी झाला नाही.

पण एक अट काकूंनी पहिल्याच दिवशी घातली होती. त्यांच्याकडे उभ्याच्या गौरी असतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, पितळी मुखवट्यांच्या. लोखंडी स्टँडवर साड्या नेसवून त्यांना उभं करायचं. आणि लग्न होऊन आल्यापासून काकू गौरी मांडतात ती जागा म्हणजे खिडकीजवळचा तोच कोपरा. "माझ्या गौरी यायच्या आधी जागा मोकळी झाली पाहिजे. गेलेले परत येणार नाहीत. सांगून ठेवते."

नानांनी दुसरी जागा शोधायचा खूप प्रयत्न केला. ते घरभर टाळ्या वाजवत फिरले. भिंती नाही म्हणाल्या. शेवटी त्यांनी कल्याणला राहणाऱ्या आपल्या जुन्या सहकाऱ्याला, भास्करकाकांना, फोन केला. "तू घेऊन जा," ते म्हणाले. "निदान ओळखीच्या घरात राहतील." फोन ठेवल्यावर त्यांनी एकही टाळी वाजवली नाही. तो दिवस मला आवडला नाही.

गौरींच्या आदल्या दिवशी भास्करकाका टेम्पो घेऊन येणार होते. आले नाहीत. गणपतीचे दिवस, टेम्पो कुठून मिळणार? सगळे सामान वाहण्यात गुंतलेले. "विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी येतो," त्यांचा फोन आला.

आणि आवाहनाच्या दिवशी ते दोघे अजून उभेच. आत हलवावेत तर खोलीत फराळाचे डबे आणि गणपतीचं सामान. शिवाय वजन इतकं की नाना आणि मी मिळून एक जेमतेम सरकवला. काकू हातात ज्येष्ठेचा मुखवटा घेऊन हॉलच्या मधोमध उभ्या. मुहूर्ताची वेळ जवळ येत होती. मी कुठे बघावं ते मला कळेना.

काकू स्पीकरजवळ गेल्या. वितीने त्याची उंची मोजली. मग दुसऱ्याची.

"स्टँड राहू देत माळ्यावर," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "सोनाली, साड्यांची पेटी आण."

नाना घाबरले. "अगं, साडी नेसवलीस तर आवाज कोंडेल त्यांचा!"

"गौरींना आवाज कशाला लागतो?"

"निदान चंदेरी तरी नेसव. ती पातळ असते."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार होत्या, पण नुसतं "चंदेरी काढ गं" म्हणाल्या.

मी आयुष्यात पहिल्यांदा गौरींना साडी नेसवली, आणि ती स्पीकरला. निऱ्या सुंदर पडल्या. वर मुखवटे चढले, नथी आल्या, गळ्यात दागिने, गजरे. दोघी भिंतीपासून हातभर पुढे, किंचित एकमेकींकडे वळलेल्या, गप्पा मारायला उभ्या असल्यासारख्या. काकू मागे सरकून बघत राहिल्या. "इतक्या वर्षांत अशा नव्हत्या उभ्या राहिल्या," त्या पुटपुटल्या. "सारख्या डुलायच्या."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हळदीकुंकू होतं. इमारतीतल्या बायका आल्या, माझी आईही आली. ती दाराशीच थांबली होती, काकूंनी तिला हाताला धरून पुढे बसवलं. नाना स्वयंपाकघरात करंज्या ताटलीत लावत होते. कोणीतरी म्हणालं, "काहीतरी मंगल लावा की!"

"अहो!" काकूंनी हाक मारली. नानांचे हात भरलेले. "राहू द्या, एवढं मला येतं," असं म्हणून काकूंनी स्वतःच जाऊन बटण दाबलं.

कुकरची शिट्टी झाली. बांगड्या वाजल्या. आणि चंदेरी नेसलेल्या दोन्ही गौरी एका आवाजात म्हणाल्या, "अहो, पंखा बंद करा! गॅस विझतोय! किती वेळा सांगायचं?"

तळमजल्याच्या मालतीआजींनी हात जोडले. माझ्या आईने उठून पंखा बंद केला. मग एकदम जो हशा उठला तो खालच्या रस्त्यापर्यंत गेला असेल. नानांचा तो पेन ड्राइव्ह लावलेलाच राहिला होता. काकू लालबुंद. "हे काय? हा माझा आवाज? नाना!" काकू त्यांना चारचौघांत कधी नाना म्हणत नाहीत.

पण रेकॉर्डिंग चालूच होतं. हसणं ओसरलं, पंखा बंद होता, आणि गौरींच्या पदराआडून ते गुणगुणणं आलं. 

"किती गोड," माझी आई म्हणाली. "कोण गातंय?"

"खरंच, कोण आहे ही?" काकूंनी विचारलं.

नाना करंज्यांची ताटली घेऊन दारात उभे होते. "तू," ते म्हणाले.

"मी? मी कुठे गाते?"

"पोळ्या लाटताना. रोज."

"मग मला कधी बोलला नाहीत ते?"

"बोललो असतो तर थांबली असतीस."

 काकूंनी पुढे होऊन कनिष्ठेचा पदर सारखा केला, तो आधीच सारखा होता. मग बायकांकडे पाठ ठेवूनच म्हणाल्या, "पंखा जरा जास्तच ऐकू येतोय. पुढच्या वेळी बंद करून रेकॉर्ड करा."

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी भास्करकाका टेम्पो घेऊन आले. काकूंनी त्यांना करंज्या दिल्या, चहा दिला. "भावोजी, माझ्या गौरी बसल्यात त्यांच्यावर. लेकी झाल्या त्या घरच्या. टेम्पोत घालून लेकी पाठवतं का कोणी?"

"वहिनी, सासरी म्हणून पाठवा की!"

"आधी घरी जाऊन भिंतींना टाळी वाजवून विचारा," काकू म्हणाल्या. "मग बघू."

नानांनी त्या दिवशी विनाकारण चारही कोपऱ्यांत टाळ्या वाजवल्या.

आता मला पुढच्या शिक्षणासाठी नाशिकला वसतिगृहात जायचंय. काल निरोप घ्यायला वर गेले होते. काकूंनी मला दिवाणावर, बरोबर त्या दोघा उभ्यांच्या समोर बसवलं. "थांब, तुला काहीतरी ऐकवते. रेकॉर्डिंग हे आता माझंही खातं आहे."

आधी काहीच नव्हतं. मग चपला काढल्याचा आवाज. पावलं. एक टाळी. शांतता. मग नानांचा आवाज, अगदी खिडकीजवळून, "हं. बरं." पुन्हा पावलं, पुन्हा टाळी.

"हा कोण?" नानांनी विचारलं.

"आमच्याकडे असतो एक," काकू म्हणाल्या. "भिंतींशी बोलतो. मला कधी सांगत नाही, काय म्हणतात त्या."

नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी दोघांच्या पाया पडले. नाना म्हणाले, "नाशिकला खोलीत गेलीस की आधी काय करायचं?" मी म्हटलं, "टाळी." ते म्हणाले, "आणि भिंत काय म्हणाली ते मोठ्याने सांगायचं."

मी जिना उतरू लागले. मधल्या मजल्यावर, जिथे मी पूर्वी पुस्तक घेऊन बसायचे, तिथे पोचले तर वरून टाळी ऐकू आली. मग पावलं, मग "हं. बरं." मी कठड्याला धरून कितीतरी वेळ ऐकत उभी राहिले. नाना वाजवत होते की स्पीकर, ते मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.