काडेपेटीतला नमुना

अंबडच्या स्टँडमागं लॅबवाल्या काकांची रक्त-लघवी तपासायची खोली होती. लोक शौचाचा नमुना काडेपेटीत घालून आणत आणि लाजत पुढं सरकवत. काका मात्र प्रसादाचा पुडा घ्यावा तसा घेत. मायक्रोस्कोपला डोळा लावून खुशीत म्हणत, "जंतूंचं गाव वसलंय आत. समदेच वाईट नसत्यात, बरं का!"

आतड्याच्या कॅन्सरची शंका आली म्हणून डॉक्टरांनी मलाही तिथं धाडलं. शौचातून रक्त जातंय का, ते बघायचं होतं.

"तीन दिवसांत मटण न्हाई ना खाल्लं? त्यानं बी रक्त दिसतं," काकांनी विचारलं.

परवाच शेतावर दोस्तांबरोबर खाल्लं होतं. पण गळ्यात माळ आणि शेजारी बायको. "बिलकुल न्हाई," मी म्हणालो.

त्यांनी बराच वेळ मायक्रोस्कोपमधून पाहिलं. मग माझ्या माळेकडं पाहिलं. "ताई, नमुना कमी पडला. तीन दिवस यांना नुसता वरणभात द्या, मंग परत आणा."

काडेपेटी तर गच्च भरली होती.

दुसऱ्या खेपेला रक्त निघालं नाही. ते खुलून म्हणाले, "ताई, वरणभातानं गुण आला बघा."

"येणारच," बायको म्हणाली. "त्यात मटण नव्हतं."